तिसऱ्या पेल्याआधी उठू नये

ये गं पोट्टे, जरा जवळ सरक. तू तिकडे पुण्यात बसली आहेस हे मला माहीत आहे, तरी सरक. अन् तो फोन पालथा ठेव आधी. एक कान माझ्याकडे आणि एक डोळा त्याच्यात, असं माझ्याजवळ चालत नाही. हे वाचतानाही चालणार नाही.

रागावले नाही मी तुझ्यावर. रागवायचं वय गेलं, आता नुसती कुरकुर उरली आहे. पण दिवाळीनंतर तू आलीस, मी तुझ्यासाठी मुद्दाम सिगडी पेटवली, पुदिना धुऊन ठेवला, खडीसाखर फोडली, आणि तू काय केलंस? पहिला पेला उभ्या उभ्या तोंडाला लावलास, "आजी, कितना कड़वा है!" म्हणालीस, आणि खाली टॅक्सी आली म्हणून निघालीससुद्धा. डोळे लाल दिसत होते. म्हणालीस, प्रवासानं. बरं, प्रवासानं. आणि जाता जाता वर हेही, की ही पोचे पडलेली केटली फेकून दे, मी नवीन पाठवते.

फेक म्हणे! अगं, त्या केटलीपुढे तुझ्या आत्याचा संसार एका संध्याकाळी अडून बसला होता. इकडे जातो की तिकडे, कोणाला ठाऊक नव्हतं. तू तेव्हा शाळेत, तुझ्या बाबांच्या बदलीच्या गावी. तुला कोणी काही सांगितलं नाही. आता मी सांगते. पण आत्याचं सांगायचं तर आधी भाऊजींचं सांगावं लागतं, आणि भाऊजींचं काही घाईत सांगता येत नाही. माणूसच तसा होता.

भाऊजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. तुझ्या आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. घराणं इथलंच, रायपूरच्या आपल्याच पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं. आपल्या पाऱ्यात काय, ज्याला विचारावं त्याचा पणजोबा नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेला, आणि तोही घोड्यावर. पायी चालत आलेला एकसुद्धा नाही. भाऊजी मात्र सांगायचे, "आमचा पूर्वज फौजेच्या मागून पाण्याच्या पखाली घेऊन आला." खरं-खोटं देव जाणे, पण त्यांनी जन्मभर केलं तेच. जमिनीत भोकं पाडून पाणी काढायचं. आधी इथे महासमुंदकडे, धमतरीकडे बोअर मारले, मग कंपनीनं आफ्रिकेत धाडलं. नायजर नावाचा देश आहे, सहाराच्या वाळवंटाला लागून. तिथे गेले दोन वर्षांसाठी, आणि परत आले ते डोक्यावरचे केस पांढरे करूनच. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिकडे तंबू लागतो, आणि माझ्यापाशी ट्रक होता."

आले तेव्हा आजोबा होते. आजोबांनी वरची खोली त्यांना दिली. एक लोखंडी पेटी घेऊन आले. मी म्हटलं, एवढी वर्षं परदेशात राहिले, काहीतरी आणलं असेल. पेटी उघडली तर आत कपड्यांत गुंडाळलेली ही निळी केटली, मुठीत मावतील असे जाड काचेचे पेले, आणि बारूदाच्या गोळ्यांसारखा वळलेला हिरवा चहा. बस्स. आजोबा म्हणाले, "अरे, इतकी वर्षं काय करून राहिला होता तू तिथं?" भाऊजी म्हणाले, "चहा पिऊन राहिलो होतो."

खोली दिली, पण खोलीत राहतील तर शपथ. समोरच्या गच्चीवर ताडपत्री बांधली, खाली सतरंजी टाकली, आणि तिथेच त्यांचा मुक्काम. रायपूरचं ऊन तुला माहीत आहे. लोक कुलरसमोरून हलत नाहीत, आणि हे ताडपत्रीखाली सिगडी पेटवून बसलेले. मी म्हणायची, "भाऊजी, भाजून निघाल." ते म्हणायचे, "वहिनी, हे ऊन काही ऊन नाही. हे तर आपलं घरचं आहे."

एकदा पंडरीच्या कापडबाजारात गेले आणि गडद निळ्या कापडाचा एवढा मोठा तागा घेऊन आले. डोक्याला गुंडाळलं, तोंडावरून घेतलं, फक्त डोळे उघडे. तिकडच्या त्या उंटवाल्या लोकांत, तुआरेग म्हणतात त्यांना, पुरुष तोंड झाकतात आणि बाया उघड्या तोंडानं हिंडतात. वडीलधाऱ्यांपुढे, सासुरवाडीच्या माणसांपुढे तर पुरुषानं ओठ दाखवायचेच नाहीत. मला ते मोठ्या वहिनीच्या ठिकाणी मानायचे, म्हणून माझ्यासमोर चहासुद्धा फडक्याच्या आडून प्यायचे. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडे स्कूटीवाल्या पोट्ट्या ओढणीनं असं तोंड बांधतात." तर गंभीरपणे म्हणाले, "मग त्यांच्या वहिन्या फार असतील." आता पंडरीचा तो रंग काय टिकणार! पहिल्याच घामात उतरला. त्यांचे गाल निळे, कान निळे, आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या चादरींवर निळ्या हातांचे ठसे. मी ओरडले. ते मात्र खूष. म्हणाले, "तिकडेही उतरतो, वहिनी. अस्सल माल आहे!"

पण खरा त्यांचा वेडेपणा चहाचा.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण काय करतो? विचारतो, चहा घेणार ना? तो म्हणतो, नको नको, आत्ताच झाला. आपण म्हणतो, अर्धा कप. तो म्हणतो, बरं, अर्धा. मग भरून कप देतो, आणि दोघांनाही आधीपासून माहीत असतं. भाऊजींना हे अजिबात खपत नसे. "वहिनी, तहानलेल्याले 'पाणी पाहिजे का' असं विचारणं म्हणजे त्याले हात पसरायला लावणं. आला ना माणूस? मग आग पेटवायची. विचारायचं काहून?"

आणि पेटवली आग की मग तास गेला समज. केटलीत तो चहा आधी चांगला उकळायचा. मग पेल्यात ओतायचा. वाटेल आता मिळेल, तर पेल्यातून परत केटलीत. पुन्हा वरून, हात उंच करून, बारीक धार धरून पेल्यात. पुन्हा केटलीत. पेल्यावर फेस धरेपर्यंत हे चालायचं. चव बघायची, मान हलवायची, पुन्हा ओतायचं. पहिला पेला कडू जहर. मग त्याच पत्तीवर पाणी, जास्त साखर, दुसरा पेला. मग पुन्हा पाणी, पुन्हा साखर, पुदिन्याची मूठ, तो तिसरा. मऊ, गोड, वासाचा. तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नाही. उठलात तर घरधन्याचा अपमान. आणि तोवर पाहुण्याला कामाचं काही विचारायचं नाही.

तिकडचे लोक तीन पेल्यांबद्दल काय काय म्हणतात, ते भाऊजी रोज वेगळं सांगायचे. मी एकदा धरलंच त्यांना, म्हटलं, एक काय ते नक्की करा. तर विचार करून म्हणाले, "दुसऱ्यांचं सोडा. माझं विचाराल तर पहिला जिभेचा, दुसरा कानाचा, आणि तिसरा पोटातलं बाहेर काढायचा."

समोरचे वकीलसाहेब एकदा नळाच्या पाइपाबद्दल बोलायला वर गेले. पहिला पेला घेऊन, "चला, कोर्टात जायचं आहे" म्हणून उठले. भाऊजींनी त्यांना ओळख देणं बंद केलं. रस्त्यात समोरासमोर आले तरी फडकं डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायचे. वकीलसाहेब माझ्यापाशी आले, "वहिनी, मी चहा प्यायला गेलो होतो की हजेरी द्यायला? तिथून सुटायले जमानत लागते का?" शेवटी एका रविवारी सुपारीचं खांड तोंडात टाकून ते वर गेले आणि तिन्ही पेले घेऊन संध्याकाळी उतरले. पाइपाची गोष्ट राहूनच गेली. पण त्यानंतर दर रविवारी जायचे. माणसाला कोणीतरी बसवून घ्यायला लागतं गं, तेवढंच.

एक गोष्ट ते सगळ्यांना सांगायचे, पण मला मात्र त्यांनी ती फडकं तोंडावरून काढून सांगितली होती. आजोबा गेले त्या वर्षीची गोष्ट. म्हणाले, "वहिनी, एकदा ट्रक बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला गेला तो आलाच नाही. पाणी संपलं. लांब एक तंबू दिसला, तिथवर गेलो. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि बकऱ्या. त्यांनी मले सावलीत बसवलं. आधी पाणी, मग दूध, मग चहा. तीन दिवस ठेवून घेतलं. मी तोडक्यामोडक्या बोलीत सांगायला जाई, की मी अमुक, अमक्या कंपनीचा. म्हातारी हातानं थांबवायची. पी आधी, म्हणायची. रस्त्याला लावून द्यायला मुलगा अर्धा दिवस माझ्यासोबत चालला. तिथे दुसऱ्या ट्रकमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, त्यांनी मले नावच विचारलं नाही. त्यांना अजून माझं नाव माहीत नाही, वहिनी. आणि मले त्यांनी वाचवलं."

हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, असेल वाळवंटाची रीत. आपलं रायपूर थोडंच वाळवंट आहे.

मग तुझी आत्या आली.

दुपारची वेळ. स्टेशनवरून ऑटो करून आली, हातात एक बॅग. बिलासपूरला दिलेली पोट्टी, सणवार नाही, फोन नाही, आणि अशी दारात उभी. तोंड असं, जसं कोणी पुसून टाकलं आहे. "आई, झोपते जरा," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. माझ्या तोंडात तेव्हा किती प्रश्न होते विचारू नको. काहून आली? जावई कुठे आहेत? सांगून आलीस की न सांगता? मी पदर खोचला आणि निघालेच होते तिच्या खोलीकडे. भाऊजी विरजण मागायला खाली आले होते. त्यांनी बॅग बघितली, माझं तोंड बघितलं, आणि विरजणाची वाटी ओट्यावर ठेवली.

"वहिनी, विचारू नका."

"काहून नको? माझी पोट्टी आहे ती!"

"म्हणूनच. परक्यानं विचारलं तर माणूस खोटं सांगून सुटते. आईनं विचारलं तर सुटताच येत नाही."

"मग काय करू? बघत बसू?"

"तिले वर पाठवा. सिगडीले वारा घालायले कोणी नाही माझ्याकडे."

मला इतका राग आला! पण आत जाऊन बघितलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि डोळे उघडे. मी काही न विचारता चादर टाकून परत आले. आयुष्यात पहिल्यांदाच, बरं का. तुला माहीत आहे माझा स्वभाव.

संध्याकाळी ती वर गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. शेजारणी येऊन जायच्या, "दीदी, बिटिया आई है? सब ठीक?" तुझे बाबा फोनवर म्हणाले, "आठ दिवस राहू दे, मग पोचवून देऊ." पोचवून देऊ, जणू ती पार्सल आहे. बिलासपूरहून निरोप आला की रविवारी घ्यायला येतो. प्रत्येकानं ठरवूनच टाकलं होतं की ती परत जाणार. एकट्या तिनं काही ठरवलं नव्हतं. आणि मी? मी आई होते आणि मला कशाचा काही पत्ता नव्हता. मी रोज काहीतरी निमित्त काढून वर जायची, शेंगदाणे घेऊन, कधी वाळवण उचलायला, आणि पायरीवर बसायची. ती वारा घालत असायची. भाऊजी ओतत असायचे. कोणी बोलायचं नाही.

अशीच एकदा बसले होते, आणि भाऊजी केटलीकडे बघत म्हणाले, "तिकडे तंबू बाईचा असतो."

आत्यानं मान वर केली. "म्हणजे नावावर?"

"नावावर काय, जन्माचा. लग्नात तिच्या आईकडच्या बाया बसून तिच्यासाठी तंबू तयार करतात. नवऱ्याशी पटलं नाही तर नवऱ्यानं आपला उंट सोडायचा आणि निघायचं. तंबू जागचा हलत नाही."

मी म्हटलं, "अन् तो बिचारा जातो कुठे?"

"आईच्या तंबूत."

तुझी आत्या हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता तिचा हात थांबला, पंखा खाली पडला, आणि ती रडायला लागली. भाऊजींनी काय करावं? तिसरा पेला भरला आणि तिच्यासमोर ठेवला. बस.

मग ती बोलली. माझ्याकडे नाही, पेल्याकडे बघत बोलली.

पावसाळ्यात तिचं पोटातलं बाळ गेलं होतं, पाचव्या महिन्यात. हे आम्हाला माहीत होतं, मी जाऊनही आले होते. पुढचं माहीत नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात नणंदेचं डोहाळजेवण त्याच घरात ठरलं. सकाळी सासूबाई तिला म्हणाल्या, पुरणपोळ्या तू कर, तुझ्या हाताला चव आहे. फक्त ओटी भरायच्या वेळेला समोर येऊ नको. तिनं सगळ्या पोळ्या केल्या. बाहेर ओटी भरताना बायांची गाणी चाललेली, आणि ही स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला उभी. "तेवढ्यात हे आत आले, काका," ती म्हणाली. "मला तिथं उभं बघितलं. सगळं समजलं त्यांना. पाण्याचा जग घेतला आणि गेले."

मग म्हणाली, "त्या घरात मी ना पाहुणी, ना मालकीण."

 पायरीवरून उठले होते मी, तिला जवळ घ्यायला, तिच्या सासूबाईंना चार शब्द सुनवायला. भाऊजींनी नुसतं माझ्याकडे बघितलं, फडक्याच्या वरून. मी बसले. ते तिला म्हणाले, "साखर कमी पडली का?"

"नाही."

"मग पी."

रविवारी दोघं आले. जावई आणि त्यांचे मोठे भाऊ. गाडी दारात लावली, तोंड बिलासपूरकडे करून, म्हणजे निघायला सोपं. मोठे भाऊ आपलेच मराठी, पण घरात-दारात हिंदीच बोलणारे. बसले नाहीत. "माताजी, घर की बात घर में रहे तो अच्छा. बहू का सामान बंधवा दीजिए, उजाला रहते निकल जाएँगे." जावई त्यांच्या मागे, चपलेकडे बघत.

मी काही बोलणार, इतक्यात जिन्यावरून आवाज आला, "पाहुणे आले ना? वर पाठवा, वहिनी. चहा मांडला आहे."

मोठ्या भावाला वाटलं, दोन मिनिटांचं काम. गेले वर. मी मागोमाग. भाऊजींनी दोघांना सतरंजीवर बसवलं, नमस्कार केला, आणि फडकं नाकावर ओढून कामाला लागले. तुझी आत्या सिगडीजवळ, तिच्या नेहमीच्या जागी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मोठे भाऊ आधी ताडपत्रीकडे बघत होते, मग घड्याळाकडे, मग त्या धारेकडे, जी पेल्यात जाई आणि पेल्यातून परत येई. "अरे, ये देंगे कब?" ते जावयाच्या कानात म्हणाले. भाऊजींच्या कानाला सगळं ऐकू येत होतं.

पहिला पेला आला. मोठ्या भावानं एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, गुडघ्यावर हात मारले. "चलो."

"दोन बाकी आहेत," भाऊजी म्हणाले.

"फिर कभी, भैया. हमको दूर जाना है."

आणि उठून खाली गेले. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. मग हॉर्न.

जावई अर्धे उठले होते. एक गुडघा उभा, एक सतरंजीवर. तुझी आत्या वारा घालत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मी जिन्याच्या दारात उभी. आता हा माणूस उठला तर संपलं, हे मला दिसत होतं. पुन्हा एकदा पाण्याचा जग घेऊन जाणार, आणि तुझी आत्या बॅग भरून मागे जाईल, कारण सगळे तेच म्हणत होते. किंवा जाणार नाही, आणि मग कधीच जाणार नाही. हॉर्न पुन्हा वाजला. लांब.

जावयांनी तो उभा गुडघा खाली टेकला.

भाऊजींनी जसं काही झालंच नाही असा दुसरा पेला ओतला. जावई खाली मान घालून गुपचूप पीत होते. भाऊजी म्हणाले, "आवाज करून प्या, जावईबापू. तिकडे आवाज न करता प्यायलं तर चहा आवडला नाही समजतात." त्या बिचाऱ्यानं असा मोठ्यानं फुरका मारला, की चहा नाकात गेला आणि ठसका लागला. तुझ्या आत्यानं ओठ दाबून धरले. मला दिसलं.

मग तिसरा. पाणी घातलं, साखर घातली, पुदिन्याची मूठ चुरगळून टाकली. उकळी आली. आणि इतकी वर्षं त्या केटलीला ज्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, माझ्यासुद्धा हातात कधी दिली नव्हती, त्या भाऊजींनी कडीला फडकं गुंडाळलं आणि ती तुझ्या आत्यासमोर ठेवली.

"याच्यापुढचं तू ओत."

आणि उठले! तिसऱ्या पेल्याआधी उठले म्हणून वकीलसाहेबांशी अबोला धरणारा माणूस, स्वतःचा तिसरा तसाच सोडून, गुडघे धरत जिना उतरला. मी तोंड उघडं टाकून त्यांच्यामागे. स्वयंपाकघरात आले, पाट ओढला, बसले.

"वहिनी, दूधवाला चहा आहे का? आलं घालून."

 घरी आल्यापासून दुधाच्या चहाला त्यांनी नावं ठेवण्यापलीकडे हात लावला नव्हता. मी पातेलं ठेवलं. आलं कुटून टाकलं. दोघांनी दोन कप घेतले. वर काही आवाज नाही. मग बाहेर गाडी सुरू झाली आणि गेली.

मी ताडकन उठले. "गेले वाटते! भाऊजी, जावई गेले!"

"बसा, वहिनी."

"अहो, पण…"

"गेले असतील तर गेले. तंबू इथंच आहे."

कप गार झाले. किती वेळ गेला, मी काही घड्याळ बघितलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. आधी तुझी आत्या आली, हातात पेले. तिच्यामागे जावई, दोन्ही हातांत केटली धरून, बोटं काळी झालेली, जणू काही देवाची मूर्ती घेऊन येत आहेत. आत्यानं एक भरलेला पेला भाऊजींसमोर ठेवला.

"काका, तुमचा तिसरा राहिला."

भाऊजींनी बघितला, आणि हातानं सरकवला. "गार झाला. बाकी राहू दे माझा. कधीतरी घेईन तुझ्याकडून."

मग ती मला म्हणाली, "आई, हे आज बसनं जातील. मी नाही जात."

"हव, नको जाऊ," मी म्हटलं.

वर त्यांचं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. मी आजपर्यंत विचारलं नाही. हसू नको, खरं सांगते.

सगळं गोडधोड झालं असंही समजू नको. तिनं शाळेत नोकरी धरली, इथेच शंकर नगरात दोन खोल्या घेतल्या, दारावर आपल्या नावाची पाटी लावली. जावई आधी नुसते शनिवारी यायचे, पाहुण्यासारखे, पिशवीत संत्री घेऊन. कधी यायचे नाहीत, तेव्हा ती दोन दिवस बोलायची नाही. असं बराच काळ चाललं. मग बदली मागून घेतली त्यांनी, आणि एका सकाळी कुकर, गादी आणि बॅग घेऊन तिच्या दारात उभे राहिले. मी आणि भाऊजी तिथेच होतो. भाऊजी दारात आडवे उभे राहिले, फडकं ओढून घेतलं, आणि विचारलं, "तंबू कोणाचा?" जावई घामाघूम, गादी डोक्यावर. म्हणाले, "हिचा." तेव्हा भाऊजी बाजूला झाले. तिच्या सासूबाई अजून त्या घरी पाणी घेत नाहीत. नको घेऊ देत. ती मात्र त्यांना कधी 'पाणी घेता का' असं विचारत नाही. नुसता तांब्या भरून समोर ठेवते.

मग भाऊजींचे गुडघे गेले. जिना चढवेना. अभनपूरला त्यांची बहीण आहे, ती येऊन घेऊन गेली. जाताना केटली नेली, पण तिथे सिगडी पेटवायला हात स्थिर राहीना. धार धरली की चहा सगळा सतरंजीवर. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "वहिनी, आता मी सगळ्यांना पहिल्या पेल्याआधीच उठवतो." हसले, पण मला हसू आलं नाही.

पुढच्या खेपेला तुझी आत्या माझ्याबरोबर आली. बहिणीच्या अंगणात तिनं सिगडी मांडली. मी वारा घातला. पहिला, दुसरा, सगळं रीतसर. आणि तिसरा तिनं उंच हात करून असा ओतला, की फेस काठापर्यंत. पेला त्यांच्या हातात दिला, खालून स्वतःचा हात धरून. "काका, बाकीचा."

त्यांनी तोंडावरचं फडकं काढलं. माझ्यासमोर, वहिनीसमोर, जन्मात दुसऱ्यांदा. आणि असा जोरात फुरका मारला, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. त्या वर्षी होळीच्या आधी गेले ते. केटली बहिणीनं माझ्याकडे आणून दिली. म्हणाली, हमारे यहाँ कौन बैठेगा इतनी देर.

तर ही ती केटली. पोचे तिला आपल्याच जिन्यावर ने-आण करताना पडले आहेत, वाळवंटात नाही. आता ओतते मी. धार भाऊजींसारखी येत नाही, फेसही जरा बसकाच येतो, पण वकीलसाहेब येतात रविवारी आणि तिसरा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

तुझा एक झाला आहे, पोट्टे. कडूच असतो तो, तुझी काही चूक नाही. दोन बाकी आहेत. तू ये. काहून आलीस, किती दिवस राहणार, त्या दिवशी जिन्यात फोनवर कोणाशी बोलत होतीस आणि कशाबद्दल, मी काही म्हणजे काही विचारणार नाही. तुला वारा घालायला बसवेन, एवढंच. सिगडी पेटायला वेळ लागतो, म्हणून स्टेशनवर उतरलीस की मला कळव. आणि लवकर ये. परतीचं तिकीट मात्र काढून येऊ नको.